चाचणीचं नाव

"नाही उघडणार," विनोदिनी म्हणाली. तिने स्क्रीनवरून नजरही हलवली नाही.

"दीदी, बस स्कोर देखना है," क्लेम विभागातला गौतम दारात घुटमळत म्हणाला. "पाँच मिनट खोल दो. आखरी ओव्हर चालू है."

"आखरी ओव्हर संपली की उघडते."

गौतम गेला. दाराबाहेर पोचल्यावर तो जे पुटपुटला ते तिला ऐकू आलं, आणि ते ऐकू यावं म्हणूनच पुटपुटलेलं होतं. विनोदिनीला त्याचं काही वाटलं नाही. भिलाईजवळच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, पंडरीच्या कापडबाजारामागे दोन जिने चढून गेल्यावर, विम्याचे दावे तपासणारी ही कंपनी होती, आणि तिथे विनोदिनी रामटेके हिच्याकडे नेटवर्कचं काम होतं. पण पाठीमागे सगळे तिला 'ताला मॅडम' म्हणतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताला तर ताला. उलट या नावाचा तिला छुपा अभिमानच होता, कारण इतक्या वर्षांत तिने लावलेलं एकही कुलूप चुकीच्या दाराला लागलं नव्हतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं आणि करायला किचकट. ऑफिसातल्या कुठल्याही संगणकावर कोणी साइटचं नाव टाकलं की संगणक आधी त्या नावाचा पत्ता विचारतो. हा प्रश्न जिथे जातो तिथे, म्हणजे कंपनीने भाड्याने घेतलेल्या क्लाउडमध्ये, विनोदिनीची फायरवॉल बसलेली होती. तिच्या याद्यांमध्ये ते नाव असेल तर पत्ता मिळत नसे. सट्ट्याच्या साइटांची एक यादी, फुकट सिनेम्यांची एक, क्रिकेटची एक, आणि अशा दहा-बारा. आज सकाळपासून ती आणखी एक करत होती, लोकांना फसवून कर्ज गळ्यात मारणाऱ्या साइटांची.

नवी यादी करण्याची तिची रीत ठरलेली होती. बटणं दाबूनही ते काम होतं, पण बटणांवर तिचा विश्वास नव्हता. ती काळी खिडकी उघडायची आणि कमांड टाइप करायची: नवी यादी कर, तिचं नाव अमुक. क्षणभराने पलीकडून एक लांबलचक ओळखक्रमांक यायचा. यादी जन्माला आली, पण पोट रिकामं. मग दुसऱ्या कमांडने तिच्यात नावं भरायची, आणि तिसरीने ती यादी नियमाला जोडायची, की यातलं नाव कोणी विचारलं तर त्याला कंपनीच्या 'ही साइट बंद आहे' या पानावर पाठव. शेकडो नावं भरण्याआधी यादी खरंच चावते की नाही हे एक नाव घालून पाहावं लागतं. ज्याच्यावाचून कोणाचं अडत नाही असं नाव. दुसऱ्या कोणी त्या जागी काहीतरी निरर्थक अक्षरं टाकली असती. विनोदिनी आपल्या धाकट्या भावाची साइट टाकायची.

विशालची साइट. 'विशाल ट्रॅव्हल्स, अभनपुर.' पहिल्या पानावर हार घातलेली मिनीबस आणि तिच्यापुढे हात बांधून उभा असलेला विशाल. ती पहिल्यांदा बंद करून पाहिली तेव्हा विनोदिनी भावाचं घर सोडून चौबे कॉलनीतल्या भाड्याच्या खोलीत नुकतीच आली होती, आणि विशालचं ते हारवालं पान कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यांच्या कौतुकात न्हाऊन निघत होतं. त्या दिवशी तिने ते नाव यादीत घातलं, उघडून पाहिलं, उघडलं नाही. इतकं बरं वाटलं की पुढच्या यादीतही तेच घातलं. मग त्याची सवय झाली. नाव घालताना ती पुढे चांदणीचं चिन्ह असलेली दुसरी ओळही न विसरता घालायची, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या फांद्याही बंद. चाचणी झाली की नाव काढून टाकायचं असतं. विनोदिनी ते काढत नसे. राहू दे, कोणाचं अडतंय?

आत्ताही तिने तेच केलं. नाव घातलं, ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं, आणि पडद्यावर लाल पान आलं. मागितली एक साइट आणि समोर आलं दुसरंच पान, की ब्राउझर बिचकतो आणि लाल रंगात बजावतो की इथे कोणीतरी तुमची माहिती चोरायच्या बेतात असू शकतं. भावाच्या नावाखाली ते वाक्य वाचून विनोदिनीला दरवेळेसारखं गार वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. वडिलांचा होता.

"विनू, कामात हाय का?"

"बोला बाबा."

"आज विशाल येऊन राहिला तुह्या हाफिसात."

विनोदिनी खुर्चीत ताठ झाली. "काहून?"

"तुमच्या स्टाफच्या गाडीचं काम निंघालं ना. त्याच्यासाठी बोलावलं त्याले. मी म्हटलं तुले सांगून ठेवावं. भांडू नोको."

"मी काहून भांडू? माझा काय संबंध?"

तिचे वडील तुळशीराम छोट्या लाइनवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवर, सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. छोटी लाइन बंद झाली, ते निवृत्त झाले, पण अभनपुरात बांधलेल्या घरात राहिले, आणि आता त्या घरात विशाल, विशालची बायको आणि ते असे तिघं होते. चौथी येऊन गेली होती. नवऱ्यापासून सोडचिठ्ठी घेऊन विनोदिनी एक सुटकेस घेऊन आली, त्या रात्री जेवताना विशालने विचारलं, "ताई, किती दिवस हायेस?" ती ताटावरून उठली. त्यानंतर त्या घरात तिने घास घेतला नव्हता आणि भावाशी शब्द बोलली नव्हती. त्याने वरच्या खोलीत पंखा लावायचा की नाही म्हणून विचारलं होतं, असं बाबा पुढे कितीदा तरी म्हणाले. तिला ते पटलं नाही. पंख्यासाठी कोणी दिवस मोजतं का?

"दोन्ही गाड्या आंगणात उभ्या हायेत, विनू," बाबा म्हणाले. "शाळेचं काम गेलं तेव्हापासून. हे काम नाही भेटलं तर एक इकून टाकतो म्हणते. पोट्टा रात्री जेवत नाही बरोबर."

विनोदिनीने समोर पाहिलं. लाल पान अजून तसंच होतं. तिने काळी खिडकी पुढे आणली. विशालच्या कामाशी साइटचा काही संबंध असेल असं तिला वाटलं नाही. पण आज नको, आज तरी काढून टाकावं, म्हणून तिने कमांडची सुरुवात केलीही.

"आन् एक हाय," बाबा चाचरत म्हणाले. "तुमच्या कंपनीनं लिहून घेतलं त्याच्यापासून, की स्टाफमधे कोणी नातेवाईक नाही म्हणून. नातेवाईक असला का काम देत नाहीत म्हणे. त्यानं लिहून देल्लं, कोणी नाही. तू बी चूप राह्य बाप्पा."

"लिहूनच दिलं?"

"कामासाठी, विनू. कामासाठी."

"ठीक आहे, बाबा. जयभीम." तिने फोन ठेवला, टाइप केलेली अर्धी कमांड एकेक अक्षर मागे जात पुसून टाकली, आणि खिडकी बंद केली. कोणी नाही, तर कोणी नाही.

विनोदिनीच्या केबिनसमोरच मीटिंगची काचेची खोली होती. पाणी पाहिजे तेव्हा तिथे पाणी, चहा पाहिजे तेव्हा चहा, आणि मोठा पडदा. दुपारी विशाल आला. इस्त्रीचा आकाशी शर्ट, पायात बूट, काखेत प्लास्टिकची फाइल. कानांवरचे केस पांढरे झाले होते. विनोदिनीला ते दिसलं आणि तिने नजर स्क्रीनवर आणली. विशालने केबिनवर लावलेली तिच्या नावाची पाटी वाचली असावी, कारण तो दोन पावलं थबकला आणि मग आत न पाहता पुढे गेला.

आत प्रशासनाचे शालिग्राम साहेब होते, आणखी तिघंचौघं होते, आणि लॅपटॉप चालवायला मीनल होती. मीनल विनोदिनीची मदतनीस. ती मूळची नागपूरकडची, मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत द्यायची. बाहेरच्या बाकावर दुसरा गाडीवाला पान चघळत आपल्या पाळीची वाट पाहत होता.

थोड्या वेळात विनोदिनीच्या फोनवर मीनलचा निरोप आला. 'दीदी, इनकी साइट नहीं खुल रही. लाल पेज आ रहा है. ये लोग गाड़ी की लाइव लोकेशन दिखाने वाले थे. कुछ हमारी तरफ से है क्या?'

विनोदिनीने निरोप वाचला. मग तिने मान वर करून काचेतून पाहिलं. भिंतीएवढ्या पडद्यावर तिचं लाल पान पसरलं होतं, आणि त्याच्यापुढे आकाशी शर्टातला विशाल उभा होता.

खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. छोटासा, मनातल्या मनात झाकून ठेवावा असा नाही. चांगला पोटभर झाला. किती दिवस हायेस म्हणे. आता तू सांग, त्या पानापुढे किती वेळ उभा राहणार आहेस. तिने मीनलला लिहिलं, 'बघते,' आणि काही बघितलं नाही. खुर्ची जराशी वळवून घेतली, म्हणजे काचेतून नीट दिसावं.

विशाल आपला फोन पुढे करून काहीतरी सांगत होता. काचेतून आवाज दबका येत होता, पण येत होता. "सर, मोबाइल पे खुल रहा है, देखिए ना. गाड़ी अभी अभनपुर में खड़ी है, ये देखिए." त्याचा हात टेबलावरून लांब झाला होता. शालिग्राम साहेब मागे रेलले होते आणि त्यांनी त्या फोनकडे पाहायची तसदी घेतली नव्हती. विशालचा हात तसाच लांब राहिला. टेबलाच्या कडेला बसलेल्या एकाने पडद्यावरचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग आपला लॅपटॉप छातीशी धरत म्हणाला, "रामटेकेजी, बैठाने के बहाने हमारा माल तो नहीं उड़ाओगे? मशीन खुद बोल रही है."

सगळे हसले. शालिग्राम साहेबही हसले. विशालही हसला.

विशाल हसला ते विनोदिनीला सहन झालं नाही. हे हसू तिला माहीत होतं. लहानपणी शाळेत गुरुजींनी त्याला वर्गासमोर उभं करून काही म्हटलं की तो असाच हसायचा, आणि घरी येऊन माठामागे बसून रडायचा, आणि माठामागून त्याला ओढून काढायला कोण जायचं? तीच जायची. भावाशी तिचं वैर होतं, आणि ते तिचं होतं. सकाळ-संध्याकाळ तिने ते पोसलं होतं. हे कोण लागून गेले होते त्याला चोर म्हणणारे? तिच्या डोक्यात तिडीक गेली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती विशालसाठी गेली होती.

तिने काळी खिडकी उघडली. आजच्या यादीतून नाव काढलं, चांदणीची ओळ काढली. पलीकडून उत्तर आलं, बदल होतो आहे. झाला. तिने आपल्या मशीनवरून थेट फायरवॉललाच विचारायचा हुकूम दिला. साइट बंदच. अर्थातच बंद, ते नाव सिनेम्यांच्या यादीतही होतं. तिथून काढलं. अजून बंद. सट्ट्याच्या यादीतून काढलं. क्रिकेटच्या. दरवेळी कमांड, दरवेळी 'बदल होतो आहे', आणि दरवेळी तिने थांबायचं. आपण हे नाव किती ठिकाणी पेरून ठेवलं आहे याचा तिने कधी हिशेब केला नव्हता. एकेका यादीत, अगदी पहिल्या ओळीत, विशालचं नाव बसलेलं.

शेवटच्या यादीतून नाव निघालं तेव्हा तिने पुन्हा तपासलं. पत्ता मिळाला. तिने मीनलला लिहिलं, 'आता बघ.'

'दीदी, अब भी लाल.'

मग तिला उमगलं, आणि तिने कपाळाला हात लावला. लोक एकदा नाही म्हटलेली साइट पुन्हापुन्हा उघडून पाहतात आणि वैताग देतात, म्हणून तिने स्वतःच नियमात लिहून ठेवलं होतं की मिळालेलं उत्तर संगणकाने दिवसभर लक्षात ठेवायचं, पुन्हा विचारायला यायचं नाही. फायरवॉल आता मोकळी होती. पण त्या खोलीतल्या लॅपटॉपला तिचं मघाचं उत्तर पाठ झालेलं होतं, आणि ते तो उद्यापर्यंत घोकणार होता. त्याला ते विसरायला लावायचा एकच उपाय होता. त्याच लॅपटॉपवर जाऊन कमांड द्यायची. मीनलला ती कमांड येत नव्हती, कारण काळी खिडकी विनोदिनीने कोणाला शिकवलीच नव्हती.

काचेपलीकडे शालिग्राम साहेबांनी घड्याळ पाहिलं. विशाल फाइल बंद करू लागला.

विनोदिनी उठली, ओढणी सारखी केली आणि दार ढकलून आत गेली.

विशालने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून रक्त उतरलं ते तिला दिसलं. त्याला वाटलं असणार, ही आता सगळ्यांसमोर उरलंसुरलं उधळायला आली. तसं वाटायला त्याला कारणं होती.

"सर, एक मिनिट," ती शालिग्राम साहेबांना म्हणाली, आणि मीनलला हातानेच उठवून लॅपटॉपपुढे वाकली.

"क्या हुआ, मैडम? वायरस है क्या इनके यहाँ?"

"नहीं सर. साइट साफ है. ब्लॉक हमारी तरफ से था."

"किसने किया?"

"मैंने." तिने कमांड टाइप केली. एक अक्षर चुकलं, तिने ते पुन्हा लिहिलं. "गलती हो गई."

'गलती' हा शब्द ताला मॅडमच्या तोंडून या इमारतीत कोणी ऐकला नव्हता, आणि मघाचा तो लॅपटॉप छातीशी धरणारा गृहस्थ तर चक्क पुढे झुकून तिच्याकडे बघत होता.

"आपसे गलती?" शालिग्राम साहेब म्हणाले. त्यांना मजा वाटत होती. मग त्यांनी हातातल्या कागदावर पाहिलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अच्छा. आप भी रामटेके, ये भी रामटेके. रिश्तेदार हो क्या?"

विनोदिनीने कमांड पाठवायचं बटण दाबलं नव्हतं. बोट त्यावर होतं.

"नहीं सर," विशाल म्हणाला. आवाज अगदी सरळ होता. "रामटेके तो बहुत हैं इधर."

शालिग्राम साहेबांनी विनोदिनीकडे पाहिलं.

"नहीं सर," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

लाल पान गेलं. पडद्यावर हार घातलेली मिनीबस आली, आणि मग नकाशा, आणि नकाशावर अभनपुरात एका घराच्या अंगणात उभा असलेला निळा टिपका. त्या अंगणात पेरूचं झाड होतं, जे नकाशात दिसत नव्हतं. विनोदिनी पाठ ताठ करून उभी राहिली.

"माफ कीजिएगा," ती विशालला म्हणाली. सहा-सात वर्षांतला हा तिचा पहिला शब्द होता.

"होता है, मैडम," विशाल म्हणाला.

ती बाहेर आली. केबिनचं दार लावून घेतलं. कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की डोळ्यांना एसी लागतो.

संध्याकाळी शालिग्राम साहेबांनी बोलावून सांगितलं की यापुढे तिची कुठलीही नवी यादी मीनलने तपासल्याशिवाय चालू होणार नाही. "बुरा मत मानिए. सिस्टम है." तिने वाईट मानलं, आणि तसं तोंडावर सांगितलंही. पण दुसऱ्या दिवशी मीनलला शेजारी बसवून काळी खिडकी उघडली आणि रागारागाने का होईना, पहिल्यापासून शिकवायला लागली. चाचणीसाठी नाव घालायची वेळ आली तेव्हा मीनलने विचारलं, "दीदी, यहाँ क्या डालूँ?"

"काहीही. ज्याला कोणी नसेल असं."

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. विशालला काम मिळालं होतं. सगळं नाही, बाकावर पान चघळणाऱ्याला भिलाईकडचा रस्ता मिळाला; विशालला अभनपुर ते पंडरी, एक गाडी. दुसरी विकली नाही.

"बोलला का तो तुह्याशी, तिथं?" बाबांनी विचारलं.

"बोलला."

"काय म्हणाला?"

"मॅडम म्हणाला."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. "मंग तू काय म्हटलं?" त्यांनी विचारलं.

"मी काय म्हणणार बाबा. मॅडमनं काय म्हणायचं असते?"

पुढच्या महिन्यात गाडी सुरू झाली. कोण कुठे राहतं ते बघून थांबे प्रशासनानेच ठरवले होते, आणि चौबे कॉलनीत, विनोदिनीच्या गल्लीच्या तोंडाशी, तिच्या एकटीसाठी एक थांबा पडला होता. तिने उलट लिहून कळवलं की मी माझ्या स्कूटीने येत जाईन, थांबा रद्द करावा. कोणी रद्द केला नाही. पहिल्या दिवशी ती हेल्मेट घालून खाली उतरली तर गाडी समोर उभी. विशाल स्वतः चालवत होता. तिने स्कूटी सुरू केली आणि गाडीच्या नाकासमोरून निघून गेली. त्याने हॉर्न वाजवला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. माफी मागितली होती ती त्या चुकीबद्दल. बाकीचं तिच्याकडे होतं तसंच शिल्लक होतं, आणि त्याच्याकडेही असणार, कारण तो मान वळवून तिच्याकडे पाहत नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती नुकती ऑफिसात पोचत होती तेव्हा बाबांचा फोन आला. आवाजात वेगळाच उत्साह होता.

"विनू, थांबली होती ना गाडी तुह्या गल्लीपाशी?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मले दिसते ना. विशालनं लावून देल्लं मोबाइलवर. निळा टिपका. सकाळी गाडी निंघाली का मी घेऊन बसतो. अभनपुरातून निंघते, मोठ्या रस्त्यानं जाते, आन् मंग तुह्यापाशी येऊन थांबते. मी बघतो. जरा येळ थांबते, मंग निंघते." ते हसले. छोट्या लाइनवर आयुष्यभर त्यांनी गाड्यांना वाट करून दिली होती, आणि ठरल्या जागी थांबणाऱ्या गाडीचा आनंद त्यांच्याइतका कोणाला होणार? "बसली ना तू?"

विनोदिनीच्या हातात हेल्मेट होतं. जिन्यातून गौतम वर जात होता, तो तिला पाहून बाजूला सरकला.

"बसली, बाबा," ती म्हणाली.

"हव. विशाल बी तेच म्हणे. काल रात्री इचारलं मी त्याले, तर म्हणे, हव, बसते ना ताई रोज. मी म्हटलं, एकदा तुले बी इचारून घ्यावं."

ती जिन्याच्या कठड्याला टेकली.

"काय म्हणाला?"

"बसते म्हणे ताई रोज." बाबांनी विचारलं, "बोलता का गाडीत?"

"गाडी चालवताना काय बोलल तो?"

"हव, ते बी खरं हाय. चालवताना बोलू नाही." आणि समाधानाने त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी विनोदिनी रोजच्यापेक्षा लवकर खाली उतरली. स्कूटी बाहेर काढली नाही. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याची बंद टपरी होती, तिच्या आडोशाला हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली. चढायचं तिने ठरवलं नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं.

गाडी आली आणि ठरल्या जागी थांबली. आत मागच्या बाकांवर अभनपुरकडचे चारपाच जण पेंगत होते. विशालचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर समोर रस्त्यावर. थांब्यावर कोणी नव्हतं हे त्याला दिसत होतं. त्याने दार उघडलं. एक बाई चढून, आपली जागा बघून, पदर-पिशवी सावरून बसायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ ते उघडं राहिलं. मग त्याने ते लावलं, आणि गाडी पंडरीकडे वळली.